दूध येतं, बाळ ओढत नाही

मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी. बेंगळुरूच्या या भागांतल्या मराठी घरांतून मला येणारे फोन बहुधा बाळ आठ-दहा दिवसांचं झालं की सुरू होतात, आणि बहुधा रात्री. तक्रार एकच असते, ‘दूध पुरत नाही.’ शेजारच्या कानडी घरातही तीच, ‘हालु साकाग्तिल्ला.’ मग हळूहळू बाकीचं कळतं. सिझेरियन झालं, पहिले दोन दिवस काहीच आलं नाही, हॉस्पिटलात पावडरचं दूध सुरू केलं, आता बाटली दिसली की बाळ गटागटा पितं आणि अंगावर घेतलं की पाठ ताणून रडतं. इथवर आलं की आईचा आवाज भरून येतो आणि फोन बाबाच्या हातात जातो.

तुम्ही दोघांनी आधी एवढं ऐका. बाटली दिली म्हणून काही हाताबाहेर गेलेलं नाही. बाळाला त्या वेळी दुधाची गरज होती, तुम्ही ते दिलंत. साखर उतरलेलं बाळ, दिवसांआधी जन्मलेलं बाळ, वजन फार घटलेलं किंवा कावीळ वाढत चाललेलं बाळ यांना वरचं दूध द्यावंच लागतं, आणि ते सांगणारे डॉक्टर तुमचे शत्रू नसतात. शिवाय तुम्ही एकटेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. म्हणजे तिनांतल्या एकाहून जास्त घरांत वरचं काहीतरी चालू असतं. फक्त कुणी ते बारशात सांगत नाही.

पण बरीच बाळं बाटलीवर जातात ती अशा कारणांनी नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत काय होणार हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून जातात. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, चमचा-दोन चमचे. बाळाच्या पोटात तेव्हा मावतंही तेवढंच. खरा पान्हा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो, सिझेरियननंतर किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी एखादा दिवस उशिरा. दुसऱ्या रात्री बाळ सतत अंगावर येऊ पाहतं, रडतं, ते उपाशी असल्यामुळेच असं नाही. जन्मानंतर त्याचं वजन थोडं घटतं, सात टक्क्यांपर्यंत घटलं तरी सहसा धावपळ नको, दहाच्या जवळ गेलं तर मात्र तपासावंच लागतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पण त्या दुसऱ्या रात्री थकलेली आई, घाबरलेला बाबा आणि मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून आलेली आजी, तिघांच्या समोर ३० मिलि दूध पिऊन बाळ तीन तास गाढ झोपतं. झालं, पुरावा मिळाला. बाळ उपाशीच होतं, आईला दूध नाहीच.

त्या झोपेत खरी गोम आहे. बाळ बाटलीवर भरलं की पुढच्या वेळी अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी बनतं. मग बाटली ३० ची ६० होते, आणि तिसऱ्या आठवड्यात आईचं दूध खरोखरच कमी झालेलं असतं. स्तन म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी नव्हे, की चार तास भरू द्यावी आणि मग नळ सोडावा. तुंबून राहिलेलं दूध शरीराला ‘पुरे’ असं सांगतं. रिकामे होत राहणारे स्तन जास्त दूध बनवतात, आणि रात्री तर दूध बनवणारं संप्रेरक चढतं असतं. म्हणून ‘दूध येतं का?’ यापेक्षा मी विचारते, ‘दिवसभरात किती वेळा निघतं?’ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, बाळाच्या तोंडाने, हाताने किंवा पंपाने. अंगावरचं आणि वरचं दोन्ही पाजणाऱ्या आईसाठी हाच एक आकडा धरून चालण्यासारखा आहे.

आता बाळ अंगावर का रडतं ते पाहू. बाटलीतून दूध आपोआप येतं, स्तनावर आधी काही ओढी ओढाव्या लागतात. अधीर झालेलं बाळ तेवढं थांबत नाही. त्यामुळे भुकेने लाल झालेलं असताना प्रयत्न करू नका. अर्धवट झोपेत, नुकतं चुळबुळ करायला लागलं की घ्या. फारच रडत असेल तर थोडं दूध पाजून शांत करा आणि मग अंगावर लावा. झबलं काढून, नुसत्या लंगोटात, आईच्या उघड्या छातीवर दिवसातून दोन-तीनदा पडू द्या. बेंगळुरूच्या संध्याकाळी गार असतात, पाठीवर दुपटं टाका. पाजायची घाई न करता नुसतं तसं पडून राहिलेलं बाळ कितीदा आपणच तोंड शोधायला लागतं.

धरण्याबद्दल मी जरा बारकाईने सांगते, कारण निम्मं दुखणं इथेच असतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, मान न वळलेली, नाक स्तनाग्राच्या समोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लागलं की ते तोंड उघडतं. ते मोठं उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन घेऊन बाळावर वाकू नका. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि खालच्या बाजूचा काळसर भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात, असं दिसलं की बरोबर. पहिल्या काही ओढी टोचतील. मिनिटभरानंतरही कळ येत राहिली तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. टाके असताना बाळ बगलेखाली धरणं किंवा कुशीवर झोपून पाजणं सोपं जातं. घुटका ऐकू येतो का ते बघा. नुसती हनुवटी हलत असेल आणि घुटका नसेल तर बाळ चघळतं आहे, पीत नाही.

वरचं दूध कशाने द्यायचं? दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं. इथल्या नर्सबाई पालाडै देतील, तेही तेच. बाटलीच हवी असेल तर निपल सर्वांत मंद धारेचं घ्या, बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा आणि दर काही घोटांनी थांबा. म्हणजे बाटलीही थोडी मेहनत मागते. उरलेलं संपवायला लावू नका, ओतून टाका. आणि आधी आईचं काढलेलं दूध, मग पावडर. आईचं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. पंपात २० मिलिच आलं म्हणून आत तेवढंच आहे असं समजू नका, नीट ओढणारं बाळ पंपापेक्षा जास्त काढतं.

पावडरबद्दल. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, तेवढेच सपाट चमचे. ‘पातळ कर, पचायला हलकं जाईल’ हे प्रेमाने म्हटलं जातं आणि बाळाचं वजन घालवतं. पाणी कावेरीचं असो, बोअरचं असो की टँकरचं, आणि फिल्टरमधलं असलं तरीही, उकळा. उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर मिसळा, मग निववून पाजा. तयार दूध दोन तासांनंतर ठेवू नका. बाटली, निपल, वाटी, सगळं रोज उकळा. मध, ग्लुकोजचं पाणी, पाणी घातलेलं गाईचं दूध, यांतलं काहीही नको. बाळगुटीवरून मी आजींशी भांडते आणि भांडत राहणार.

दूध वाढू लागलं की वरचं एकदम बंद करायचा मोह होतो. तसं करू नका. बाळाच्या डॉक्टरांशी बोलून दर दोन-तीन दिवसांनी दिवसभरातून ५० मिलि कमी करत जा आणि त्याच काट्यावर वजन बघा. रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोटी आणि पिवळी शी, एवढं असेल तर बाळाला पुरतं आहे, ते कितीही किरकिर करो. काही आया महिन्याभरात बाटली सोडवतात. काहींचं अर्धं अंगावर, अर्धं बाटलीवर कायम राहतं. थायरॉइड, बाळंतपणात फार रक्त जाणं, आधीची स्तनाची शस्त्रक्रिया यांमुळे काहींना मुळातच कमी येतं. अर्धं अंगावरचं दूध हेही बाळाला मिळालेलं दूध आहे, त्याला अपयश म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी? खुशाल खा, बाळंतिणीला ताकद लागतेच. पण लाडू खाल्ल्याने दूध उपसलं जात नाही. दूध वाढवायच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय नकोत.

बाबांनो, तुमचं काम ‘मदत’ नव्हे. अंगावर पाजून झालं की वरचं दूध देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पंप धुणं हे तुमच्याकडे घ्या, म्हणजे त्या वेळात ती दूध काढून झोपू शकेल. हे सगळं मिळून तासाभरात उरकलं पाहिजे, नाहीतर दिवस पाजण्यातच जातो. रात्रीचा एक सलग झोपेचा तुकडा तिला द्या. बाळंतिणीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, खासगी नोकरीतल्या बाबाला मात्र कंपनी देईल तेवढीच, ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरा. आणि ‘तिला येतच नाही’ हे वाक्य तिच्या देखत कुणालाही बोलू देऊ नका, मग ती तुमची आई का असेना.

दुकानदाराने किंवा दवाखान्यात कुणी फुकट डबा पुढे केला तर जाणून असा, असे डबे वाटणं बेकायदा आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दूधपावडरच्या विक्रीसाठी संहिता केली, आपला कायदा १९९२ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. डब्यावर बाळाचं चित्र छापायलाही बंदी आहे. या कायद्यावर नजर ठेवणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात उभी राहिली. मातृदुग्धपेढीचं नावही तुम्ही ऐकलं असेल. आशियातली पहिली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात सुरू केली, आणि इथल्या वाणीविलास रुग्णालयात २०२२ पासून ‘अमृतधारे’ आहे. पण ते दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, घरच्या बाटलीसाठी तिथे धाव घेऊ नका. उलट पुढे तुमचं दूध भरपूर झालं तर देता येईल का, ते जरूर विचारा.

काही गोष्टी मात्र सकाळवर टाकायच्या नाहीत. बाळ सुस्त पडून आहे, पाजायला उठत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, अंगाचा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा. आईचा स्तन लाल, गरम, ठणकता आणि अंगात ताप असेल तर तिलाही त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर पाजणं थांबवू नका, थांबवलं की दुखणं वाढतं.

शेवटचं तिच्या मनाबद्दल. दोन आठवड्यांनंतरही ती रोज रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलते, तर तो बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे, याच शहरात. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि भाषा निवडता येते. तो आज दोघांच्याही मोबाइलमध्ये जतन करा, आणि गरज वाटली तर लाजू नका.