तिला यातलं काय कळणार?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिचं मानसिक वय ६ वर्षांचं सांगितलं आहे. ती विशेष मुलांच्या शाळेत जाते. या वर्षापासून मोठ्या मुलामुलींना लैंगिक शिक्षण देणार, असं शाळेने पालकसभेत जाहीर केलं आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटलं. सासूबाई म्हणतात, जिला स्वतःची वेणी घालता येत नाही तिला यातलं काय कळणार? उलट नको ते डोक्यात भरेल. जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा पिशवीच काढून टाका, कायमची काळजी मिटेल. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. तिला फिटच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून तेही कळवते. — एक आई, सांगली

उत्तर : या वादाचं मूळ ‘मानसिक वय ६’ या आकड्यात आहे, म्हणून आधी तोच पाहू. हा आकडा एका चाचणीतून येतो. भाषा, हिशोब, कोडी यांत मुलीची उत्तरं साधारण कितव्या वर्षाच्या मुलांसारखी आहेत, एवढंच तो सांगतो. अंडाशयाला त्याचा पत्ता नसतो. बौद्धिक अक्षमता असलेली बहुतेक मुलंमुली इतरांच्याच सुमाराला वयात येतात. पाळी येते, मिसरूड फुटतं, कुणीतरी आवडायला लागतं. शिवाय तुमच्या मुलीने १६ वर्षं घरातली लग्नं, बारशी आणि टीव्हीवरच्या मालिका पाहिल्या आहेत. सहा वर्षांच्या मुलीकडे ही शिदोरी नसते. तेव्हा शब्द सोपे, वाक्यं छोटी, चित्रं भरपूर, पण विषय मात्र सोळाव्या वर्षाचा, असं शिकवावं लागतं.

‘नको ते डोक्यात भरेल’ ही शंका आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली खटला चालला, तो वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून; आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. (त्या मानाने आमचं काम बिनधोक आहे.) आता या शंकेला अभ्यासांचं उत्तर आहे. युनेस्कोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत देशोदेशींच्या संशोधनाचा आढावा आहे. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, असं त्यात दिसलेलं नाही.

मग शाळेत शिकवतात तरी काय? सासूबाईंच्या मनात जे चित्र असेल, त्यापेक्षा ते खूपच साधं असतं. उदाहरणार्थ पाळी. निकरवर पॅडच्या आकाराची रेघ पेनाने आखून देतात, म्हणजे पॅड नेमकं कुठे चिकटवायचं ते मुलीला दिसतं. पॅडवर थोडा लाल रंग टाकून ते बदलायचं कधी, गुंडाळायचं कसं, कुठे टाकायचं, याची चित्रांच्या क्रमाने पुन्हा पुन्हा तालीम घेतात. मुलग्यांचंही तसंच. चारचौघांत हात सारखा चड्डीत जात असेल, तर आधी खाज किंवा गजकर्ण नाही ना ते पाहायचं. तसं नसेल तर मारायचं नाही, ओरडायचं नाही. ‘हे बाहेर नाही, आपल्या खोलीत, दार लावून’ एवढं एकच वाक्य दर वेळी त्याच शब्दांत सांगायचं.

यापेक्षा महत्त्वाचा भाग परवानगीचा आहे, आणि त्याची सुरुवात घरच्या न्हाणीघरात होते. आपण या मुलांना जन्मभर आज्ञाधारकपणा शिकवतो. आंघोळ कुणी घालतं, कपडे कुणी बदलतं, व्यायाम घेणारे ताई-दादा हातपाय धरतात, आल्यागेल्याला ‘काकांना पापी दे’ म्हणून पुढे करतात. दिवसभर कुणीही अंगाला हात लावावा आणि तिने गप्प राहावं, याचं नाव शहाणपण. पुढे वाईट हेतूचा माणूस नेमका या शहाणपणाचा फायदा घेतो, आणि तो बहुधा ओळखीतलाच असतो. म्हणून ‘अनोळखी माणसांशी बोलू नको’ ही शिकवण अपुरी पडते. त्याऐवजी पाठीला साबण लावण्याआधी तुम्हीच तिला विचारा, ‘लावू का?’ ती नको म्हणाली तर थांबा, आणि साबण तिच्या हातात द्या. दररोज ज्या मुलीचा नकार ऐकला जातो, ती वेळ आल्यावर नकार देऊ शकते.

दुसरी गरज अवयवांच्या नावांची. ‘शूची जागा’ म्हणून भागवू नका. योनी, स्तन, लिंग हे शब्द नाक-कानाइतक्याच सहजपणे शिकवा. बोलता न येणाऱ्या मुलांच्या चित्रफलकावर पाणी, जेवण, बाथरूम, फॅन असं सगळं असतं; शरीराच्या या भागांची चित्रं मात्र बऱ्याचदा नसतात. मग तिथे काही झालं, तर त्या मुलीने बोट ठेवायचं कशावर? मूकबधिर मुलांच्या घरगुती खुणांतही हीच गाळलेली जागा आढळते. ‘सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार’ असंही पालक म्हणतात. कायद्याने त्याची सोय केली आहे. २०१३ च्या दुरुस्तीपासून लैंगिक अत्याचार झालेल्या दिव्यांग व्यक्तीची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षकाच्या किंवा दुभाष्याच्या मदतीने घ्यायची असते आणि तिचं चित्रीकरणही करायचं असतं. एका खटल्यात अंध तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. दिव्यांग आहे म्हणून साक्ष कमी प्रतीची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्याच्या २०२१ सालच्या निकालात स्पष्ट सांगितलं.

आता जाऊबाईंचा उपाय. पिशवी काढल्याने पाळी थांबते, गर्भ राहत नाही. अत्याचार मात्र थांबत नाही. झालाच तर तो उघडकीला येण्याची एक वाट तेवढी बंद होते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली होती. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी रान उठवलं आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १० सांगतं, की वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. रक्तस्राव फार असेल किंवा पाळीत फार दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे औषधोपचार आहेत. कौटुंबिक धास्ती हा काही गर्भाशयाचा आजार नव्हे.

लग्नाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणारच. दिव्यांग व्यक्तीशी अव्यंग व्यक्तीने लग्न केलं तर आपलं राज्य सरकार अनुदान देतं. लग्नाला पैसे आहेत, पण लग्न म्हणजे काय हे त्या मुलीला शिकवायला कुणाला सवड नाही, ही गंमत आमच्या लक्षात येते. आज घाई नको. कुणीतरी आवडणं, त्याला आपण न आवडणं, मैत्री कुठवर आणि नाही म्हटल्यावर मागे कसं फिरायचं, हे ती शाळेत शिकली तर पुढचा विचार तिच्यासह करता येईल. पालकसभेत तुम्ही एवढं जरूर करा : वर्गात दाखवायची चित्रं आधी पाहायला मागा, म्हणजे शाळेत आणि घरी शब्द तेच राहतील.

शेवटी फिटच्या गोळ्या. कार्बामॅझेपिन आणि फेनिटोइनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि सोडियम व्हॅल्प्रोएट पोटातल्या गर्भाला अपाय करू शकतं. तिला यांतलं काय चालू आहे ते चिठ्ठीवर पाहा आणि मेंदूविकारतज्ज्ञांशी आताच बोला. स्वतःहून गोळी बंद करू नका, त्याने फिट बळावतात. काही मुलींना पाळीच्या आसपास फिट जास्त येतात. कालनिर्णयवर पाळीच्या तारखांना लाल आणि फिटच्या तारखांना निळी खूण करायला तिलाच शिकवा, आणि तीन-चार महिन्यांची ती पानं डॉक्टरांना दाखवा.