दोन कोकरांची मेंढी

अनसिंगच्या शिवारात तुम्ही शेळ्या-मेंढ्यांचे कळप पाहिले असतील. उन्हाळ्यात चारा मिळत नाही. मेंढपाळाला दूरवर फिरावे लागते. मग उत्पन्न वाढवण्यासाठी त्याने आणखी मेंढ्या पाळाव्यात का? त्यांना चारा कोठून येणार?

या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील फलटण येथे शोधले गेले. तेथे १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. आपली दख्खनी मेंढी काटक असते. पण ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील ‘गरोल’ मेंढी अंगाने लहान असते. पण ती अनेकदा दोन किंवा तीन कोकरे देते. डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन जातींचा संकर केला.

गरोल मेंढीचा हा गुण एका जनुकामुळे येतो. कोकराला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. म्हणून मेंढ्याकडूनही हा गुण त्याच्या मुलींत उतरतो. २००१ साली शास्त्रज्ञांनी हे जनुक ओळखले. तेव्हापासून रक्त तपासून योग्य मेंढा निवडता येऊ लागला. अशा निवडीतून अंगाने मोठी आणि जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. तेवढ्याच मेंढ्यांपासून आता जास्त कोकरे मिळतात.

पण जुळी जन्मली म्हणजे काम संपले असे नाही. गाभण मेंढीला खुराक द्यावा लागतो. आईचे दूध कमी पडले, तर कोकराला बाटलीने पाजावे लागते. नाहीतर कोकरे दगावतात.

आता आपल्या घरचा विचार करा. बकरी ईदला चांगला भाव येतो, म्हणून अनेकदा सर्वांत उत्तम बोकड विकला जातो. पैदाशीसाठी कमजोर बोकड उरतो. मग पुढची पिले कशी होतील? म्हणून एक उत्तम बोकड राखून ठेवा. कोणत्या शेळीने किती पिले दिली आणि किती जगली, हे वहीत लिहा. निवडीची सुरुवात या वहीपासूनच होते.

शब्दार्थ
काटक – कष्ट सोसणारा
संकर – दोन जातींचे मीलन
पैदास – पिलांची उत्पत्ती
दगावणे – मरणे

स्वाध्याय
१. दख्खनी व गरोल मेंढ्यांत कोणता फरक आहे?
२. उत्तम बोकड का राखून ठेवावा?