नाकातली नळी : न गिळता जेवण कसं पोचतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आजोबा आयसीयूत असले की मुलं हमखास विचारतात, "ते जेवतात कसं?" पचनसंस्थेच्या पाठाला जोडून याचं उत्तर सहज देता येतं.

बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गिळता येत नाही, पण आतडं बहुतेक वेळा काम करतच असतं. ते रिकामं राहिलं तर त्याचं अस्तर कमकुवत होतं. म्हणून नुसत्या सलाईनवर न ठेवता, शक्य असेल तर २४ ते ४८ तासांत नळीने पातळ अन्न सुरू करतात.

नळीचे मुख्य मार्ग तीन :

१) नाकातून जठरात : ही रायल्स ट्यूब. सर्वांत जास्त वापरली जाते.

२) नाकातून लहान आतड्यात : जठरात अन्न साचून राहत असेल तर.

३) पोटाला छिद्र करून थेट जठरात : नळी महिनाभराहून जास्त लागणार असेल तर. हिला पेग म्हणतात.

अन्न पंपाने हळूहळू सतत देतात, किंवा सिरिंजने ठरावीक वेळाने.

खरा धोका शेजारच्या श्वासनलिकेचा. म्हणून पहिलं अन्न देण्याआधी एक्स-रे काढून नळीची जागा तपासतात आणि डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. हा कोन मुलांना कोनमापकावर जरूर दाखवा!

आणि मोठ्यांसाठी एक सांगणं : परिचारिकेला विचारल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात चमचाभर पाणीही घालू नका. मायेने पाजलेला तो घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.