आईची आठवण खरी असू द्या
(नोव्हेंबर महिन्यासाठी कौटुंबिक अभ्यासपाठ)

वाचन : नीतिसूत्रे 31:10-31, लूक 1:39-45, 2 तीमथ्य 1:5, 2 मक्काबी 12:43-46



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. 2 तारखेला आपण दफनभूमीत जातो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो. घरी परतल्यावर आईबद्दल किंवा आजीबद्दल बोलू लागलो की ठरावीक शब्द तोंडी येतात. ती फार प्रेमळ होती, कष्टाळू होती, श्रद्धाळू होती. हे खोटे नसते. पण एवढ्याने ती बाई नातवंडांच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही, कारण हे शब्द कोणत्याही आईला लागू पडतात. मग आईची आठवण कशी ठेवावी? आपल्याच जिल्ह्याच्या एका सुनेकडून हे शिकता येईल.

आपल्या जिल्ह्याची सून

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म दापोली तालुक्यातील करजगावचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म 1868, माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात सोवळे इतके कडक की वडील बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घेत. लहान वयात लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहायला-वाचायला शिकवले ते टिळकांनी.

हे दांपत्य कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तथापि द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात सांगितले आहे की, आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधुभगिनींच्या जीवनात ख्रिस्ताची जी कृपा दिसते ती आपण आनंदाने ओळखावी. त्याच भावनेने आपण लक्ष्मीबाईंकडे पाहू.

धाडस घरासाठी

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी अशा स्त्रीला पती जिवंत असूनही नसल्यासारखाच. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे लहानग्या दत्तूला घेऊन त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळून, चूल वेगळी ठेवून. समाज काय म्हणेल हे ठाऊक असताना टाकलेले हे पाऊल लहान नव्हते.

मग त्यांच्या मनात विचार सुरू झाला : जातिभेद देवाने केला की माणसाने? माणसाने, असे उत्तर मनाला पटले आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. मीठ धुणाऱ्या वडिलांच्या लेकीने हे केले! कोणी जबरदस्ती केली नव्हती. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही केवळ पतीच्या मागे जायचे म्हणून नव्हे, स्वतःला पटले म्हणून.

यानंतर अहमदनगरचे त्यांचे घर कधी मोकळे राहिले नाही. विद्यार्थी, निराधार मुले, पाहुणे यांचा राबता असे. कवी बालकवी ठोंबरे हिंदूच राहिले, पण या घरात ते मुलासारखे वावरले. टिळक दानशूर, पैसा हातात टिकत नसे. संसाराची मोळी बांधायची ती लक्ष्मीबाईंनी.

1919 साली टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या ओवीबद्ध काव्याचे पहिले काही अध्यायच लिहून झाले होते. शाळेत न गेलेल्या या विधवेने पुढे साठाहून अधिक अध्याय लिहिले. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले.

आपण साहस म्हणजे घर सोडून दूर जाणे समजतो. लक्ष्मीबाईंचे साहस घराचे दार उघडण्यात होते. पवित्र मरियेचेही तसेच. देवदूताचा निरोप मिळताच ती डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली, ती आपल्या नात्यातल्या एलिझाबेथकडे. नीतिसूत्रांतील सद्गुणी स्त्रीही केवळ चूल सांभाळत नाही. ती शेत पाहून विकत घेते, व्यापार करते आणि गरिबांपुढे हात मोकळा करते. कुटुंबावरील प्रेम आणि धाडस या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

दोषांसह आठवण

मुलगा देवदत्त यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी लिहू लागल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र झाले. 1934 ते 1936 या काळात ते चार भागांत निघाले. त्यात त्यांनी पतीला संत करून मखरात बसवले नाही. त्यांचा राग, न सांगता निघून जाणे, नवराबायकोची भांडणे, सारे लिहिले. स्वतःची फजिती तर हसत हसत सांगितली. तरीही पुस्तक मिटताना त्या दोघांबद्दल मनात प्रेमच उरते.

यात आपल्या श्रद्धेला धरून एक गोष्ट आहे. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदा आपल्या मृत सैनिकांच्या पापांसाठी अर्पण पाठवतो. ते शूर होते, आपले होते, पण त्यांच्याकडून पाप घडले होते, म्हणूनच त्यांच्यासाठी प्रार्थना हवी होती. आईला आपण निर्दोष देवता केले तर तिच्यासाठी प्रार्थना करायचे कारणच उरत नाही, आणि तिच्या मुलीवर तसेच निर्दोष होण्याचे ओझे मात्र पडते. दोष सांगणे म्हणजे उणीदुणी काढणे नव्हे. ती कोणत्या गोष्टीला भ्यायली, कशावर रागावली, आणि तरी पुढे कशी गेली, हे कळले तरच नातवंडांना तिच्या विश्वासातून बळ मिळते. संत पौल तीमथ्याला आठवण देतो ती नुसत्या विश्वासाची नव्हे. आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेऊन देतो.

घरी चर्चेसाठी

1. आपल्या आईने किंवा आजीने घरासाठी केलेली एक धाडसाची गोष्ट कोणती? मुलांना ती माहीत आहे का?
2. तिच्या कोणत्या स्वभावदोषाबद्दल आपण तिला अजून क्षमा केलेली नाही?
3. आपल्या घराचे दार कोणासाठी बंद आहे?

या महिन्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीला बोलते करा आणि तिचे बोलणे वहीत उतरवून ठेवा. ती आपल्यात आहे तोवरच हे करावे.

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या मृत माता-भगिनींना तुझ्या घरात जागा दे. त्यांचे उणे तू भरून काढ. त्यांनी आमच्यासाठी जे धाडस केले ते आम्ही विसरू नये, आणि त्यांच्यासारखे आमचे दारही उघडे राहो. आमेन.