खांद्यावरचा उंचवटा तसाच ठेवायचा?

प्रश्न : माझा २४ वर्षांचा मुलगा मोटारसायकल घसरून उजव्या खांद्यावर पडला. गळ्याच्या हाडाचं खांद्याकडचं टोक वर आलंय, शर्टातूनही दिसतं. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘एसी जॉइंट, तिसरी ग्रेड, ऑपरेशन नको’ असं सांगून झोळी दिली. दुसरीकडे प्लेट टाकायला सांगितली. घरचे म्हणतात, हाडवैद्याकडून हाड बसवून घ्या. हाड जागेवर नाही हे डोळ्यांना दिसत असताना ते तसंच कसं ठेवायचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एक भीती दूर करू. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच असेल, तर तुमच्या मुलाचा खांदा निखळलेला नाही. खांदा निखळतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येतो आणि तो लवकरात लवकर बसवावाच लागतो. एसी जॉइंट त्याच्या वर असतो. गळ्याचं हाड (कॉलर बोन) आणि पाठीवरच्या फऱ्याचं पुढे आलेलं टोक जिथे भेटतात, तो हा लहानसा सांधा. दोन्ही दुखापतींची गल्लत फार होते आणि ‘बसवून घ्या’ हा सल्ला बहुधा त्यातूनच येतो.

आता तुमच्या डोळ्यांना दिसणाऱ्या उंचवट्याकडे येऊ. गळ्याचं हाड उडी मारून वर आलंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते बरंचसं आपल्या जागी असतं आणि खांदा खाली उतरलेला असतो. हात अंगाशी असताना माणूस खांद्याच्या टोकावर आदळतो, तेव्हा जमिनीचा मार फऱ्याला खाली ढकलतो. गळ्याचं हाड दुसऱ्या टोकाला छातीच्या हाडाशी घट्ट बांधलेलं असल्याने तितकं खाली जात नाही. मग मधले अस्थिबंध ताणले जातात. आधी सांध्याभोवतीचे तुटतात, आणि मार जास्त असेल तर गळ्याच्या हाडाला फऱ्याच्या पुढच्या आकड्यासारख्या भागाशी जखडणारे दोन मजबूत बंधही तुटतात. हे दोन तुटले की फरा आणि त्याला लटकलेला सगळा हात खाली ओघळतो.

म्हणूनच वर दिसणारं हाड दाबून उपयोग नसतो. हार्मोनियमच्या पट्टीसारखं ते बोटाने दबतं आणि बोट काढताच वर येतं, कारण हाताचं वजन तर तसंच आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याला व्यायामशाळेत कुस्ती खेळताना हीच दुखापत झाली होती. हाड खाली राहावं म्हणून त्याने घट्ट पट्ट्या बांधून घेतल्या होत्या. त्याच्याही कितीतरी आधी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथात नोंद आहे, की उंचवटा राहतो, पण हाताचं काम अडत नाही. हाडवैद्याकडे नेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो. ताज्या तुटलेल्या अस्थिबंधांवर चोळणं आणि करकचून बांधणं यांनी दुखणं वाढतं, कातडीला जखम होते, आणि हाड मात्र तिथे राहत नाही.

ग्रेडचं म्हणाल, तर १९८४ पासून रॉकवुड यांची सहा प्रकारांची वर्गवारी वापरात आहे. पहिल्या दोन प्रकारांत शस्त्रक्रियेचा प्रश्नच नसतो. चौथ्यात हाड मागे स्नायूत घुसतं, पाचव्यात ते फारच वर दिसतं आणि कातडी ताणली जाते, सहाव्यात ते खाली जातं (हा अगदी क्वचित). या तीन प्रकारांत बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. वाद आहे तो तिसऱ्याचा, म्हणजे तुमच्या मुलाचा. कॅनडातल्या काही रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सांधा पूर्ण सुटलेल्या ८३ रुग्णांपैकी काहींना आकड्याची प्लेट बसवली, काहींना फक्त झोळी दिली. शस्त्रक्रियेनंतरचे एक्स-रे जास्त सुबक होते. पण सुरुवातीचे महिने हात चांगला चालला तो झोळीवाल्यांचा, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हातांत फरक उरला नाही. शिवाय ही प्लेट साधारण तीन महिन्यांनी काढावी लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. मुलगा रोज डोक्यावर ओझी उचलणारा हमाल असेल किंवा हात वर नेऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू असेल, तर मात्र खांद्याचंच काम करणाऱ्या सर्जनशी सविस्तर बोला.

झोळी साधारण दोन-तीन आठवडे, दुखणं ओसरेपर्यंतच. कोपर, मनगट आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, नाहीतर सगळा हात आखडतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दर वेळी पंधरा मिनिटं लावा. रात्री उशा लावून टेकून झोपायचं, त्या कुशीवर नाही. दुखणं कमी झालं की वाकून हात झोक्यासारखा हलवायचा आणि मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली फऱ्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे. माझ्या मते खरा उपचार हाच, आणि दुखायचं थांबलं की लोक नेमका हाच सोडून देतात. जोर, बेंचप्रेस, कबड्डी यांना साधारण तीन महिने तरी थांबावं लागेल.

हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, श्वास घेताना छातीत दुखलं, उंचवट्यावरची कातडी पांढरी पडून ताणली, किंवा हाड मागच्या बाजूला टोचतंय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि प्लेटची संधी आता गेली तर कायमची गेली, या धास्तीने आज निर्णय घेऊ नका. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही खांदा दुखत राहिला किंवा ताकद आली नाही, तर बहुधा मांडीमागच्या स्नायूची कंडरा (टेंडन) वापरून ते बंध नव्याने बांधण्याची शस्त्रक्रिया तेव्हाही करता येते.