दातांच्या अकस्मात दुखण्यावर प्रथमोपचार

तथागत भगवान बुद्धांनी आरोग्याला श्रेष्ठ लाभ मानले. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना दंतकाष्ठ, म्हणजे दातवण, वापरण्याची अनुज्ञा आहे. दातवण न केल्यास तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाची रुची जाते, अशी कारणेही तेथे दिली आहेत. अशा धम्माचे अनुयायी असूनही आपल्या घरांत दातांचे दुखणे अंगावर काढले जाते. दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत घरच्या माणसांनी काय केले, यावर कधी दात, तर कधी प्राणही अवलंबून असतात. म्हणून पुढील माहिती प्रत्येक समाजबांधवाने व विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

१) दाढदुखी : दाताला कीड लागते म्हणजे आत किडा शिरतो, असे नव्हे. गोड व पिठूळ अन्नकणांवर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात पोखरला जातो. धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखविणे ही निव्वळ हातचलाखी आहे. अशा वेळी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात. फटीत अडकलेला कण स्वच्छ दोऱ्याने हळूच काढावा. टाचणी घालू नये. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी पाण्याबरोबर घ्यावी. मात्र यकृताचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. अॅस्पिरिनची गोळी दाढेत दाबून ठेवू नये, त्याने हिरडी व गाल भाजतात. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेच्या खड्ड्यापुरता लावता येतो. लहान मुलांना लावू नये. मशेरी किंवा तंबाखू लावण्याची सवय सोडावी. त्याने दाढ बधिर वाटते, पण तोंडाच्या कर्करोगाला तेच निमंत्रण ठरते.

२) दात मुळासकट निखळणे : खेळताना चेंडू लागून किंवा सायकलवरून पडून मुलांचे पटाशीचे दात निखळतात. पक्का दात असेल तर तो पुन्हा बसू शकतो. दात शोधून वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा; घासू नये. मुलगा शुद्धीवर असेल तर दात सरळ धरून त्याच खाचेत बसवावा व स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगावे. हे न जमल्यास दात थंड दुधात ठेवावा. कागदात किंवा कोरड्या रुमालात गुंडाळलेल्या दाताच्या मुळावरील जिवंत पेशी मरतात. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

३) दात तुटणे : तुटलेला तुकडा दुधात किंवा पाण्यात घालून सोबत न्यावा, तो कित्येकदा चिकटवता येतो. ओठ सुजल्यास बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून धरावा. जबडा मिटत नसेल किंवा मार लागल्यावर चक्कर, उलटी होत असेल, तर आधी रुग्णालय गाठावे.

४) दात काढल्यानंतरचा रक्तस्राव : स्वच्छ गॉजची घडी जखमेवर ठेवून वीस ते तीस मिनिटे घट्ट चावून धरावी. मध्येमध्ये उघडून पाहू नये. चुळा भरणे, सारखे थुंकणे व धूम्रपान त्या दिवशी टाळावे, कारण त्यांनी रक्ताची गाठ निघून जाते. एवढे करूनही रक्त न थांबल्यास, किंवा रोगी रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास, विलंब करू नये.

५) सूज : हा सर्वांत गंभीर प्रकार आहे. दाढेच्या मुळाशी पू होऊन गाल सुजतो. तो शेकू नये, गळू घरी फोडू नये. सूज हनुवटीखाली किंवा मानेत उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडू लागला, तर रात्र असली तरी थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. श्वासाचा मार्ग बंद होऊन मृत्यू येऊ शकतो. मधुमेही रोग्यांनी तर साधी सूजही दुर्लक्षू नये.

आणखी एक गोष्ट. दुखायचे थांबले म्हणजे रोग गेला, असे समजू नये. आतली नस मेल्यावरही ठणका थांबतो, पण पू मुळाशी वाढतच राहतो. दुकानातून मनानेच जंतुनाशक गोळ्या आणून खाल्ल्याने दाढ बरी होत नाही. खर्चाच्या भीतीने घरी बसणेही योग्य नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे खासगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात उपचार होतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक विहारात गॉज, मीठ, झाकणाची स्वच्छ डबी आणि जवळच्या दंतवैद्याचा फोन क्रमांक एवढे साहित्य एका पेटीत ठेवता येईल. रविवारच्या वर्गात ही माहिती मुलांना व माता-भगिनींना समजावून सांगावी. रुग्णाची सेवा ही बुद्धाचीच सेवा, ही शिकवण आपल्याला विनयातूनच मिळाली आहे. ती आचरणात आणण्यास एवढी तयारी पुरे आहे.

जय भीम!