लांबच्या प्रवासाची सायकल : दात्यांचा हिशेब

गिरगावातल्या खोताच्या वाडीत तुम्ही कधी गेला आहात का? लाकडी जिन्यांची, गॅलऱ्यांची, पोर्तुगीज धाटणीची ती घरे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा पाहिल्या की वाटते, इथले खरे वाहन सायकलच. वाडीतून निघावे, चर्नी रोड स्टेशनावरून समुद्राकाठी यावे आणि सरळ नरिमन पॉइंटपर्यंत जावे. वाटेत चढ म्हणून लागत नाही. पुढे एक मोठे दातेरी चक्र, मागे एक लहान चक्री आणि दोहोंवरून फिरणारी साखळी एवढ्या सामग्रीची साधी काळी सायकल या कामाला पुरते.

आता त्याच सायकलच्या कॅरिअरवर तंबू, कपडे आणि पाण्याच्या बाटल्या बांधा आणि ती पुण्याच्या वाटेला लावा. खोपोलीपर्यंत ती कुरकुरत का होईना जाईल. त्यापुढे बोरघाट सुरू होतो. तेथे बहुतेक जण उतरतात आणि सायकल ढकलू लागतात. यात सायकलस्वाराचा दोष नसतो. दोष असतो दात्यांच्या संख्येचा.

मुंबईहून सायकलने दूर जाण्याची हौस काही आजची नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर तोडून १८ मार्च १९२८ रोजी घरी परतले. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पुरी केली. तुमच्याही मनात कोकण किंवा महाबळेश्वर असेल, आणि बाजारातून एकेक भाग निवडून, आपल्या मापाची सायकल जुळवून घ्यावी असा बेत असेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन थोडा हिशेब करू या. पायडलपासून मागच्या चाकापर्यंत बळ पोचवणारे जे भाग असतात, म्हणजे क्रँक, चक्रे, साखळी, मागच्या चक्र्या आणि गिअर बदलणारी यंत्रणा, त्यांच्यापुरताच हा हिशेब आहे.

पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चक्रीला १८ दाते आहेत असे समजा. पायडलचा एक फेरा झाला की साखळीचे ४४ दुवे पुढे सरकतात, म्हणून मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. साध्या २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. तेव्हा पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. या अंतराला आपण ‘मजल’ म्हणू. कोणत्याही गिअरचा सगळा स्वभाव या एका आकड्यात येतो. दुकानदार काहीही सांगो, तुम्ही मजल काढा.

आता घाटाकडे वळू. तुमचे वजन ६० किलो, सायकल १५ किलो आणि सामान १५ किलो, मिळून ९० किलो. रस्त्याचा चढ १०० मीटरला ८ मीटर असा धरू. बोरघाटाच्या काही वळणांवर तो याहूनही तीव्र आहे. ९० किलो वस्तुमानाला पृथ्वी सुमारे ८८२ न्यूटन बलाने खाली ओढते. त्याचा ८ टक्के भाग, म्हणजे सुमारे ७१ न्यूटन, सायकलला रस्त्याने मागे खेचत असतो. त्यात टायर रस्त्यावरून लोळण्याचे ५ न्यूटन मिळवा. एकूण ७६ न्यूटन झाले. इतक्या मंद वेगाला वाऱ्याचा विरोध नगण्य असतो, तो सोडून देऊ.

आपली काळी सायकल या चढावर आहे असे समजा. पायडलच्या एका फेऱ्यात ती ५.४ मीटर जाणार, म्हणजे तुम्हाला ७६ गुणिले ५.४, सुमारे ४१० ज्यूल कार्य करावे लागणार. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात पाऊल १.०७ मीटर परिघावरून फिरते. ४१० ला १.०७ ने भागले की पायडलवरचे सरासरी बल मिळते : सुमारे ३८४ न्यूटन. पण ही सरासरी आहे. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना दाबून काहीच उपयोग होत नाही. सगळा जोर क्रँक आडवी असताना लागतो, आणि त्या क्षणी बल सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे ६०० न्यूटनपर्यंत जाते. आणि ६० किलोच्या माणसाचे वजन किती? ५८८ न्यूटन. आले ध्यानात? सीटवरून उठून सगळे अंग पायडलवर टाकले तरी जेमतेम भागत नाही. हँडल वर ओढून उरलेला जोर मिळवावा लागतो. गुडघे दुखतात ते याच कसरतीने.

‘पण मी मलबार हिल उभ्याने पायडल मारून चढतो,’ असे एखादा गिरगावकर म्हणेल. चढत असेलही. मलबार हिलची उंची सुमारे ५० मीटर. दोन-चार मिनिटे दात-ओठ खाऊन ती पार करता येते. खोपोली ते खंडाळा हा चढ सुमारे ५०० मीटरचा, म्हणजे दहा मलबार हिल एकावर एक ठेवल्यासारखा. स्नायू क्षणभर जे देतात ते तासभर देत नाहीत.

मग तासभर ते किती देतात? रोज सायकल चालवणारा निरोगी तरुण सुमारे ११५ वॅट शक्ती तासभर टिकवू शकतो असे धरायला हरकत नाही. ७६ न्यूटनच्या विरोधात ११५ वॅट म्हणजे सेकंदाला दीड मीटर, ताशी सुमारे ५.४ किलोमीटर वेग. या वेगाने बोरघाटाला तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. घाटात पाय मिनिटाला ६० फेरे या गतीने सुखाने फिरतात, म्हणजे सेकंदाला एक फेरा. सेकंदाला दीड मीटर आणि सेकंदाला एक फेरा, तेव्हा आपल्याला हवी असलेली मजल झाली दीड मीटर! काळ्या सायकलची मजल याच्या साडेतीन पटींहून जास्त आहे.

सामान लादून फिरण्यासाठी २६ इंची चाके सोयीची. त्यांच्या साधारण जाड टायरचा परीघ २.०५ मीटरच्या आसपास भरतो. दीडला २.०५ ने भागा : ०.७३. हे गुणोत्तर एकापेक्षा लहान आहे, म्हणजे पुढचे चक्र मागच्या चक्रीपेक्षा लहान हवे! पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. पुढे २२ आणि मागे ३२ दाते घेतले तर मजल १.४१ मीटर होते आणि पायडलवरचे सरासरी बल १०० न्यूटनवर येते. म्हणजे १० किलोच्या पिशवीचे वजन. कुठे ३८४ आणि कुठे १००!

मौज अशी की यात फुकट काहीच मिळालेले नाही. ९० किलो वजन ५०० मीटर वर नेण्याचे कार्य गिअर कोणताही असो, तेवढेच राहते. फक्त ते थोड्या मोठ्या घासांऐवजी पुष्कळ लहान घासांत खाल्ले जाते. तरफेचा नियम तो हाच.

मग मजल आणखी लहान, एक मीटर का घेऊ नये? कारण मिनिटाला ६० फेऱ्यांना सायकल ताशी ३.६ किलोमीटरने जाईल. माणूस पायी ताशी ५ किलोमीटर चालतो. त्याहून हळू चालणारी लादलेली सायकल तोल सांभाळता सांभाळता नागमोडी जाऊ लागते. तेव्हा सव्वा ते दीड मीटर ही खालची मर्यादा ठीक.

हा सर्वांत खालचा गिअर आधी ठरवावा आणि बाकीचे त्यावरून, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात नेमके उलटे घडते. सर्वांत मोठे चकचकीत चक्र दाखवले जाते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ होणाऱ्याला ते शोभते, कारण त्याच्या पाठीशी सामान नसते आणि पायांत आपल्या कितीतरी पट जोर असतो. पुढे ४४ आणि मागे ११ दाते असले तर मजल ८.२ मीटर होते. मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग ताशी ३९ किलोमीटर. तंबू बांधलेल्या सायकलवर हा वेग फक्त उतारावर मिळतो, आणि तेथे पायडल मारायची गरजच नसते.

जास्त लक्ष द्यावे ते मधल्या गिअरकडे. प्रवासाचे बहुतेक तास सपाट रस्त्यावर ताशी १५-१६ किलोमीटरने जातात. पुढे ४४-३२-२२ अशी तीन चक्रे आणि मागे ११ ते ३२ दात्यांच्या आठ चक्र्यांचा संच घेतला, तर पुढचे ३२ आणि मागचे १८ मिळून मजल ३.६ मीटर होते. मिनिटाला ७५ फेऱ्यांना वेग सुमारे १६. आणि ही दोन्ही चक्रे आपापल्या संचाच्या मध्यावर असल्यामुळे साखळी अगदी सरळ धावते. तिरकी धावणारी साखळी दात्यांच्या कडा खाते. म्हणून रोजचा गिअर सरळ रेषेत आला, की सामान दुप्पट टिकले नाही तरी बरेच टिकते.

‘२४ गिअरची सायकल’ या जाहिरातीला मात्र भुलू नका. पुढे ४४ व मागे २८ चे गुणोत्तर १.५७, पुढे ३२ व मागे २१ चे १.५२. पायांना यात फरक कळणे कठीण. अशा जोड्या वगळल्या तर खरे वेगळे गिअर बारा-तेराच उरतात. मागच्या संचातले दाते ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२ असे वाढत जाणाऱ्या फरकाने का असतात, हेही पाहा. पेटीच्या प्रत्येक पट्टीला कंपनसंख्या ठरावीक पटीने वाढते, ठरावीक आकड्याने नव्हे. पायांनाही सारखी ‘पट’ समजते. ११ नंतर २ दाते वाढले तर जेवढे जाणवते, जवळपास तेवढेच २८ नंतर ४ वाढले तर जाणवते.

साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला डिरेलर म्हणतात. टूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीत १९३७ पर्यंत त्याला मज्जाव होता. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असा संयोजकांचा ग्रह. हौशी प्रवाशांनी तो त्याआधीच आपलासा केला होता. शहाणे कोण ठरले हे उघड आहे. मागचा डिरेलर निवडताना एक बेरीज करावी. पुढच्या मोठ्या व लहान चक्रांतला फरक ४४ वजा २२, म्हणजे २२. मागचा फरक ३२ वजा ११, म्हणजे २१. बेरीज ४३. एवढ्या दात्यांची ढिली साखळी ताणून धरणारा, लांब पिंजऱ्याचा डिरेलर हवा. शर्यतीच्या सायकलचा आखूड पिंजरा घेतलात तर लहान चक्रांवर साखळी लोंबकळेल.

मागचा संच दोन प्रकारचा मिळतो. एक हबवर आट्यांनी बसवायचा फ्रीव्हील, दुसरा हबच्या खाचांवर सरकवायचा कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे बेअरिंग चक्र्यांच्या आत दूर राहते आणि आसाचा लांब तुकडा आधाराशिवाय पुढे येतो. टेकू दूर असला की दांडा वाकतो. लादलेली सायकल खड्ड्यात आदळली की हा आस वाकतो किंवा मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार बाहेर असते. म्हणून सामानासाठी कॅसेटच घ्यावा, थोडे पैसे जास्त पडले तरी. तो बसण्यासाठी चौकटीच्या मागच्या दोन टोकांमधले अंतर बहुधा १३५ मिलिमीटर लागते. आधी चौकट मोजा, मग हब घ्या. आणि बारा चक्र्यांचा नवा संच कितीही मोहक असला तरी आठांवर थांबा. त्याची साखळी तालुक्याच्या गावी मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक.

जोडणी करताना एक गंमत दिसेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. का बरे? एका बांगडीत पेन्सिल उभी धरून ती बांगडीच्या आतल्या कडेने लोळवत फिरवा. पेन्सिल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बांगडीत फिरली, तर स्वतःभोवती उलट्या दिशेने गरगरते. क्रँकच्या भोकात पायडलच्या आसाचे असेच सूक्ष्म लोळणे चालते. आटे सुलटे असते तर डावा पायडल चालवता चालवता आपोआप सुटला असता. इंग्रजी पद्धतीच्या चौकटीत क्रँकच्या आसाचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. तो सुटत नाही म्हणून पाना भलत्या दिशेने दाबून चौकटीचे आटे खाऊ नका.

शेवटी साखळी. तिच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, साखळी कोणत्याही देशाची असो. म्हणजे २४ पिनांचे अंतर बरोबर १२ इंच. शाळेची फूटपट्टी याला पुरते. साखळी ताणून, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढे मोजलेल्या चोविसाव्या पिनेचा मध्य पाहा. लोक म्हणतात साखळी ‘ताणली’. लोखंड ताणत नाही, पिना आणि त्यांची भोके झिजतात आणि त्या झिजांची बेरीज होते. पिन १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर नुसती साखळी बदला. एक अष्टमांश इंच गेली असेल, तर झिजलेल्या साखळीने मागच्या चक्र्यांचे दातेही आपल्या मापाचे करून घेतले आहेत. नवी साखळी त्यांच्यावर घसरेल, आणि कॅसेटही नवा घ्यावा लागेल.